जुम्माईचा पाळणा

"विजे, म्हण की गं! सख्खी आजी तू, आणि तोंड शिवल्यासारखी काय उभी राहिलीस?"

शकूआत्या पाळण्याची दोरी धरून आईला डिवचत होत्या. माझ्या मनवाचं बारसं होतं, इचलकरंजीला, माझ्या माहेरी. बाळाला पाळण्याखालून-वरून देऊन झालं होतं, कानात नाव सांगून झालं होतं, माझ्या नणंदेच्या पाठीत धपाटेही पडले होते. राहिला होता फक्त पाळणा म्हणायचा. जमलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एकीला चाल येत नव्हती, दुसरीला शब्द.

"मला नाही येत," आई म्हणाली. ती घुगऱ्यांचे द्रोण भरत होती. मान वर केली नाही.

"येत नाही म्हणे! तुला बघायला आलो तेव्हा गायली होतीस की. माझा भाऊ तिथंच भुलला."

"ते तेव्हा, वन्सं."

"मग आता काय गळा गहाण टाकलास?"

बायका हसल्या. आईही हसली आणि रिकामं पातेलं घेऊन आत गेली. शेवटी कुणीतरी फोनवर पाळणा लावला. कुठल्याशा परक्या बाईच्या आवाजात माझ्या लेकीला नाव मिळालं.

मला राग आला. बाळंतिणीला लवकर रडू येतं म्हणतात, पण ते रडू जुनं होतं. आईनं मला कधी अंगाई म्हटली नव्हती. शाळेत इतर मुलींच्या आया हळदीकुंकवाला, भोंडल्याला गायच्या. माझी आई फेरात फिरायची, ओठ मिटून. देवाची आरतीसुद्धा ती नुसत्या टाळ्या वाजवून करायची. आणि घर तर गाण्यांनी भरलेलं! अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रेकॉर्डचा नाद. भिंतभर कपाटं होती. रविवारी सकाळी ते मोठमोठ्या गायिका लावून डोळे मिटून बसायचे, आणि आई त्यांच्यासमोर पोह्यांची बशी आवाज न करता ठेवायची.

नवरा पुण्याला परत गेला आणि मी माहेरी राहिले. त्याच सुमारास अप्पांनी ठरवलं की सगळा संग्रह गावातल्या वाचनालयाला द्यायचा. वाचनालयाचे कार्यवाह घोरपडे सर एक खोलीच रिकामी करून देणार होते. दारावर पाटी, उद्घाटन, सत्कार, सगळं ठरलं.

"केतू, तेवढ्या रेकॉर्डी पुसून दे," अप्पा मला म्हणाले. "तुझ्या आईच्या हातात देणार नाही मी. पोर झोपली की बस. फडकं ओलं करून घट्ट पिळायचं आणि रेघांच्या दिशेनं गोल पुसायचं. आडवा हात मारायचा नाही."

मनवा दुपारी झोपायची. घरात तेवढीच शांतता. मी गादीवर बसून एकेक रेकॉर्ड बाहेर काढायची, पुसायची, परत घालायची. एके दुपारी शहनाईची एक रेकॉर्ड हातात घेतली तर ती जड लागली. पाकिटात दोन तबकड्या होत्या. वरची शहनाईची. खालचीवर पिवळा कागद, त्यावर गिटारचं चित्र, खाली इंग्रजीत कडुना, नायजेरिया. बँडचं नाव मला वाचता येईना. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यापुढं लिहिलं होतं, 'जुम्माई'. आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'मिसेस मुरदंडेंसह'.

मुरदंडे आम्हीच.

आई-अप्पा लग्नानंतर काही वर्षं कडुनाला होते, हे मला माहीत होतं. तिथल्या कापडगिरणीत अप्पा विव्हिंग मास्तर होते. पण त्या काळातलं घरात काही नव्हतं. फोटोत आई एका आंब्याखाली उभी, एवढंच.

मी आवाज अगदी बारीक करून सुई टेकवली. आधी गिटार, मग हाताचे ढोल. ढोलांचा ठेका असा की मांडीवरचा हात आपोआप हलावा. दोनतीन पुरुष काहीतरी म्हणत होते, मला न कळणारं. मग ते थांबले. फक्त गिटार राहिली आणि एक बाई मराठीत गाऊ लागली.

*शुक्रवारची पोर गं, जुम्माई तिचं नाव,*
*दारी आंबा मोहरला, लाल मातीचं गाव...*

आवाज मोकळा होता, उन्हासारखा. वरच्या सुरावर जाताना जराही ताण नाही. 'मोहरला' म्हणताना 'र' वर किंचित रेंगाळत होता. तसं रेंगाळत माझ्या घरात एकच माणूस बोलतं.

मागं काहीतरी हललं. आई दारात उभी होती, हातात माझ्यासाठी आणलेली अळिवाची खीर. वाटी वाकडी झाली होती आणि खीर तिच्या पायावर सांडत होती. तिला ते कळत नव्हतं.

"आई, ही तू?"

ती आत आली, वाटी खाली ठेवली, आणि गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली. संपल्यावर तिनंच सुई उचलली. कसलेल्या हातानं.

"कुठं होती माहीत होतं तुला?"

"शहनाईच्या खाली. दर दसऱ्याला कपाट पुसते की."

"मग लावली नाहीस कधी?"

"लावली असती तर बरोबर गुणगुणले असते."

"गुणगुणायचं. काय झालं असतं?"

आईनं पदरानं पाय पुसला. "मनवा उठेल," म्हणाली.

मी तिला सोडलं नाही. दोन दिवस तिच्या मागं मागं होते. शेवटी गहू निवडताना ती बोलायला लागली, ताटाकडं बघत.

अप्पांच्या खात्यात बुलुस नावाचा फिटर होता. माग बिघडला की तोच लागायचा. शनिवारी तो एका हॉटेलात गिटार वाजवायचा, गिरणीतल्याच चारपाच जणांचा बँड होता त्याचा. त्याची बायको रिफकातू आईची मैत्रीण झाली. "मला तिची भाषा येईना, तिला माझी. दोघी मिळून भेंडी चिरायचो." आईला लग्नानंतर पाचसहा वर्षं मूल नव्हतं. कॉलनीतल्या आपल्या बायका तिला डोहाळजेवणाला, बारशाला बोलवायच्या नाहीत. रिफकातूला मुलगी झाली तेव्हा तिनं बोलावणं धाडलं.

"शुक्रवारी झाली म्हणून जुम्माई. तिकडं वाराची नावं ठेवतात. माझ्या मनात आलं, पाळणा नाही म्हणजे काय बारसं? मी माझं पातळ दोन दांड्यांना बांधलं, झोळी केली, पोरीला घातलं आणि सुचेल ते म्हटलं. आपल्यात नावावर पाळणा करतात तसा. बुलुस ऐकत होता. दुसऱ्या दिवशी चाल गिटारीवर वाजवतच आला. म्हणाला, मॅडम, हे माझ्या रेकॉर्डवर पाहिजे."

"आणि अप्पा?"

"तुझे आजोबा आजारी होते म्हणून हे महिनाभर इकडं आले होते." आईनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "रिफकातू सोबत आली स्टुडिओत, पोरीला पाठीशी बांधून. एकदाच म्हटलं मी. तेवढ्यात झालं."

"मग?"

"मग रेडिओवर लागलं. गिरणीच्या कँटीनमध्ये. हे जेवत होते. सगळी माणसं उठून ओरडायला लागली, मास्तर, तुमची मॅडम, तुमची मॅडम! कौतुकानं गं. बिचाऱ्यांना वाटलं, खूश होतील."

"आणि?"

"घरी आले. म्हणाले, माझ्या हाताखालच्या काळ्या फिटरच्या बँडमध्ये माझी बायको. आता कॉलनीत तोंड कसं दाखवू. बुलुसला दुसऱ्या खात्यात टाकलं. मला रिफकातूकडं जाऊ दिलं नाही. रेकॉर्ड तेवढी फोडली नाही. रेकॉर्ड फोडायला त्यांचा हात उचलेना." तिनं निवडलेले गहू पलीकडं सारले. "ओरखडा येऊ दिला नाही बघ अजून."

"पण तू गाणं का सोडलंस? इथं आल्यावर तरी..."

"मग काय, तू झालीस," आई म्हणाली आणि ताट उचलून गेली.

मला वाटलं, बायका सांगतात तेच हे. मूल झालं, वेळ राहिला नाही.

अप्पांना मी सरळ विचारलं. ते पेपर वाचत होते. रेकॉर्ड पाहिली आणि त्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्यांनी ती दोन्ही तळहातांच्या कडांवर धरली, उजेडात तिरकी केली, रेघा पाहिल्या.

"वा. नवी असल्यासारखी आहे."

"तुम्ही लपवली होती ना?"

"लपवली कुठं? जपली." त्यांनी चष्मा पुसला. "तिकडच्या रेकॉर्डींना हल्ली जगभर मागणी आहे, केतू. अशा छोट्या बँडांच्या प्रती मिळतच नाहीत."

संध्याकाळपर्यंत त्यांनी रेकॉर्डचा फोटो संग्राहकांच्या ग्रुपवर टाकला होता. सकाळी ते फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. मी त्यांना इतक्या वर्षांत तिथं सकाळी पाहिलं नव्हतं.

"अगं ए, ऐकलंस का! फ्रान्समधला एक माणूस विचारतोय, ही गायिका कोण. गायिका! पुण्याच्या कुलकर्ण्यांनी तर हात जोडल्याची चित्रं पाठवलीत."

आई भाकरी थापत होती.

"उद्घाटनाला हीच लावायची. घोरपडे उड्या मारतोय. म्हणतो, इचलकरंजीची लेक आफ्रिकेच्या रेकॉर्डवर!"

"नको," आई म्हणाली.

"नको काय? तुझंच कौतुक आहे."

"माझं आहे ना? मग नको."

"खुळी आहेस." अप्पा माझ्याकडं वळले. "हिला जरा समजाव. आयुष्यभर कोपऱ्यात बसायची सवय."

मी समजावलं. मला खरंच वाटत होतं की लोकांनी तो आवाज ऐकावा. आणि मनात होतं, चार माणसांनी टाळ्या वाजवल्या तर कदाचित तिचं तोंड उघडेल. मनवाला मांडीवर घेऊन ती एकदा तरी म्हणेल. मी तसं तिला म्हटलंही, "आई, माझ्यासाठी चल."

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "तुझ्यासाठीच तर सगळं," म्हणाली. मग कपाटातून जांभळं इरकल काढलं.

वाचनालयाचा हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मी, मांडीवर मनवा, शेजारी आई, पलीकडं शकूआत्या. घोरपडे सरांनी अप्पांवर इतकं बोलून घेतलं की मनवाचं एकदा दूध पिऊन झालं. शाल झाली, नारळ झाला. मग अप्पांनी स्वतःच्या हातानं सुई टेकवली.

गिटार सुरू झाली तशी आईनं माझं मनगट धरलं. पाळणा संपेपर्यंत तिची बोटं माझ्या मनगटात रुतत गेली. मला वाटलं, बावरली आहे. टाळ्या थांबेनात. शकूआत्यांनी डोळ्याला पदर लावला. "काय गळा होता गं बये तुझा."

"वहिनी!" घोरपडे सर माईकवरून म्हणाले. "रेकॉर्ड ऐकली. आता प्रत्यक्ष दोन ओळी झाल्याच पाहिजेत."

"गाणार नाही ती," अप्पांनी हसत माईक घेतला. "मी सांगतो. मी गाण्याचा एवढा वेडा, पण परत आल्यावर हिनं आपणहून सोडलं. संसार, मुलगी, ह्यातच रमली. मी कधी आडकाठी केली नाही. गा गं, लाजू नकोस. दोनच ओळी."

आई उठली. तिनं माझं मनगट सोडलं, पदर सारखा केला आणि तीन पायऱ्या चढून माईकपाशी गेली. मी मनवाला उभी धरली, तिला दिसावं म्हणून.

"मी गाते," आई म्हणाली. माईकमध्ये तिचा आवाज तिलाच मोठा वाटला असावा, ती जरा मागं सरकली. "पण यांनी शपथ घातलीय. ती सुटली म्हणू देत, मग गाते."

हॉल हसला. शाळेच्या मैदानात पोरं 'सुटली म्हण' करतात, तसली गोष्ट झाली ही. कुणीतरी मागून ओरडलं, "मुरदंडेसाहेब, सोडवा शपथ!" घोरपडे सर टाळ्या वाजवत होते.

अप्पाही हसत होते. "कसली शपथ?"

"आठवत नाही?"

"अहो, बायकोला किती शपथा घालतो माणूस! एकेक आठवत बसलो तर..."

हशा आणखी वाढला. आई हसली नाही. ती त्यांच्याकडं बघत राहिली. मी खालून बघत होते. ते नाटक करत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं.

"मग राहू दे," आई म्हणाली. घोरपडे सरांनी दिलेला गुच्छ तिनं घेतला आणि खाली येऊन बसली.

परतताना गाडीत अप्पा पुढं, एकटे. आम्ही तिघी मागं.

"चारचौघांत तमाशा करायची काय गरज होती?" अप्पा म्हणाले. "येत नाही म्हणायचं, संपलं."

"कसली शपथ होती, आई?" मी विचारलं.

ती काचेबाहेर बघत होती. मागांचा खडखडाट ऐकू येत होता, इथं तो सगळीकडंच असतो.

"रेडिओवर लागलं, त्याच आठवड्यात मला कळलं होतं की दिवस गेलेत. इतक्या वर्षांनी. रात्री भांडण झालं. यांनी माझा हात धरून माझ्या पोटावर ठेवला. म्हणाले, शपथ घे. पुन्हा गळ्यातून सूर काढलास तर हे पोर राहणार नाही."

मनवा माझ्या खांद्यावर झोपली होती. मला तिचं वजन एकदम जाणवलं.

"असं म्हणालो मी?" अप्पांनी आरशातून मागं पाहिलं. "शक्य नाही."

"म्हणालात."

"बरं, म्हणालो असेन. रागात माणूस काहीही बोलतो. ते काय धरून बसायचं असतं? तीस वर्षं?" त्यांनी हॉर्न वाजवला, समोर एक टेम्पो होता. "एकदा विचारायचं तरी. मी तेव्हाच सोडली असती."

"तुमच्या लक्षात असेल असं वाटलं मला," आई म्हणाली.

"शिकलेली बाई तू. असल्या शपथांनी कुणाला काही होतं?"

"होत नसेल. पण माझ्याकडं एकच पोर होतं. करून बघायचं कसं?"

टेम्पो बाजूला झाला. अप्पांनी गिअर टाकला. "बरं बाई, सुटली. सुटली, सुटली, सुटली. झालं समाधान?"

आईनं मान हलवली. तिचा हात सीटवर पडला होता, मी तो धरला. लहानपणी मला ताप आला की ती देवापाशी का बसायची नाही, माझ्या उशाशीच का बसायची, स्वतःच्या तोंडावर हात ठेवून, ते मला तेव्हा समजलं. तापात मी हट्ट धरायचे, गाणं म्हण, गाणं म्हण. ती माझ्या तळव्यांना तेल चोळत राहायची.

अप्पांशी मी त्यानंतर काही दिवस बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही. ते खूश होते. फ्रान्सच्या माणसाला उत्तर लिहायला त्यांना माझं इंग्रजी हवं होतं, मी दिलं नाही, तर त्यांनी घोरपडे सरांकडून लिहून घेतलं. रेकॉर्ड आता वाचनालयात काचेच्या पेटीत आहे. खाली कार्ड आहे, 'श्री. शशिकांत मुरदंडे यांच्या संग्रहातून'. आईचं नाव विजयमाला, ते त्यात नाही. बुलुसचं, रिफकातूचंही नाही. जुम्माई आता माझ्याहून थोडी मोठी असेल. ती कुठं आहे, हे कुणाला विचारायचं ते आम्हाला माहीत नाही.

हे सगळं पाच वर्षांपूर्वीचं. मनवा आता बालवाडीत जाते. ती शाळेत आहे तोवर लिहून होईल म्हणून बसले.

मी सासरी निघायच्या आधीची एक सकाळ तेवढी सांगायची राहिली. अप्पा बाजारात गेले होते. आई पाटावर पाय पसरून बसली होती, पायांवर मनवा पालथी, तेलानं चकचकीत. खिडकीतून ऊन येत होतं. मी समोर भिंतीला टेकून बसले होते.

आईनं तेलाचे हात थांबवले. घसा साफ केला. मी हललेसुद्धा नाही.

मग तिनं सूर लावला. खालचा, अगदी खालचा. खरखरीत होता, मध्येच फाटला, पण होता. मनवानं मान उचलून आवाज कुठून येतोय ते शोधलं.

आई तिच्याकडं बघत नव्हती. गाताना ती माझ्याकडं बघत होती, टक लावून, माझ्या तोंडाकडं, छातीकडं, श्वास चाललाय की नाही ते पाहत. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत थांबली.

"तुला काही होत नाहीय ना, केतू?"

"नाही गं आई. काही नाही. म्हण ना."

तिनं आणखी थोडा वेळ मला न्याहाळलं.

"बरं," म्हणाली. मनवाला उताणी केली आणि तिच्या छातीवर तेल चोळायला लागली, गप्प.